चौदा नंबरचा कोट

संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, जहाजाच्या पाचव्या मजल्यावरच्या भोजनगृहाच्या दारात, मास्तरांच्या अंगावर चौदा नंबरचा कोट चढवण्यात आला. चढवणारी बाई दाराशेजारच्या लहानशा काउंटरमागे उभी होती. तिच्या पाठीमागच्या दांडीवर गडद रंगांचे वीसेक कोट लटकत होते आणि प्रत्येकाच्या हँगरला पितळेचा नंबर होता. आज औपचारिक पोशाखाची संध्याकाळ होती. कोटाशिवाय पुरुषांना आत सोडत नव्हते. ज्याच्याकडे नसेल त्याला जेवण होईपर्यंत जहाजच कोट देई. बाईनं मास्तरांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, "चाळीस," असं स्वतःशीच म्हटलं आणि दांडीवरून एक कोट ओढला. मास्तरांची छाती साडेअडतीस होती. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी नजरेनं मापं ओळखली होती आणि दीड इंचाची चूक करणाऱ्या माणसाला त्यांनी दुकानात बटणं लावायलासुद्धा बसवलं नसतं. त्यांनी हात मागे केले. डावी बाही गेली, उजवी गेली, कोट अंगावर बसला आणि त्यांचा उजवा खांदा वर उचलला गेला.

उचलला गेला म्हणजे किती, तर तीन सूत. अर्ध्या इंचालाही एक सूत कमीच. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. पण मास्तर जागच्या जागी थांबले. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि आणखी एक पायरी निघावी, तसं त्यांना झालं. तयार कोटाच्या दोन्ही खांद्यांच्या गाद्या सारख्या असतात. कारखान्यात त्या जोडीनंच कापल्या जातात. एकाच खांद्याला तीन सूत जादा भरत बसायला तिथं कुणाला वेळ नसतो. तसं भरलेला एकच कोट मास्तरांना ठाऊक होता आणि भरणारा माणूस आत्ता त्याच्या आत उभा होता.

"काय झालं? टोचतंय का?" त्यांच्या धाकट्या मुलीनं विचारलं. ती घरात सगळ्यांची धाकटीच होती, लग्नाला बारा वर्षं झाली तरी.

"नाही."

"मग चला ना बाबा. मागं रांग लागलीय."

"लागू दे. बिनकोटाची माणसं आहेत. त्यांना कसली घाई."

जावई हसले. मग हसलेलं चाललं की नाही हे बायकोच्या चेहऱ्यावर पाहून थांबले. बाईनं एक जाड वही पुढं केली, त्यात चौदा आकड्यासमोर मास्तरांच्या खोलीचा नंबर लिहिला आणि म्हणाली, "नऊला काउंटर बंद होतं. तेवढं लक्षात ठेवा." 'दिला' अशा रकान्यात तिनं खूण केली. शेजारचा 'परत' हा रकाना कोरा होता.

ही सगळी हौस एका कागदापासून सुरू झालेली. दोन महिने तो कागद धाकटीच्या फ्रिजवर चुंबकाखाली टांगलेला होता. सात संध्याकाळी, सात ओळी. एका संध्याकाळी साधा नीटनेटका पोशाख, दुसरीला चटपटीत, तिसरीला औपचारिक, मग पुन्हा साधा, म्हणजे माणसांना आदल्या दिवशीच्या थाटातून सावरायला वेळ मिळावा. खाली बारीक अक्षरांत मनाया होत्या. अर्धी विजार नको, बिनबाह्यांचं नको, टोपी नको, पुरुषांनी पायाची बोटं दिसतील असं काही घालू नये. मास्तरांनी चष्मा लावून तो कागद दोनदा वाचला होता. "बोटं दिसली तर काय होतं?" त्यांनी विचारलं होतं. "नियम आहे बाबा." "बायकांची दिसली तर?" "बायकांची चालतात." "मग बोटांचा काही दोष नाही म्हणायचा," असं म्हणून त्यांनी चष्मा काढून ठेवला होता. जावयांनी मात्र तो कागद परीक्षेच्या वेळापत्रकासारखा मनावर घेतला. दोन कोट विकत आणले. ते घरात आरशासमोर घालून पाहिले, बसून पाहिले, चमचा तोंडाकडे नेऊन पाहिला. तुमच्यासाठीही एक घेऊ, असं ते मास्तरांना म्हणाले तेव्हा मास्तरांनी सांगितलं, "मी कोट शिवतो. घालत नाही." त्यांना हे वाक्य फार आवडायचं. आयुष्यात त्यांनी ते बऱ्याच जणांना ऐकवलं होतं आणि प्रत्येक वेळी ऐकणारा गप्प झाला होता. जहाजावर ते त्यांनी कोट चढवून घ्यायच्या जरा आधी दारातल्या मुख्य वाढप्यालाही ऐकवलं. तो गप्प झाला नाही. तो अदबीनं म्हणाला, "हो साहेब. डाव्या हाताला काउंटर आहे."

आत गेल्यावर मास्तरांना बरं वाटायला हवं होतं, कारण तुच्छ वाटावं असं तिथं पुष्कळ होतं. दोनशे पुरुष, दोनशे कोट, आणि त्यांतले धड बसलेले, त्यांच्या हिशेबानं, नऊ. मानेमागे कॉलर सुटलेली, तिथून शर्ट डोकावतोय. बाह्या अंगठ्याच्या मुळापर्यंत आलेल्या. बटण लावलं की पोटावर फुलीसारख्या चार सुरकुत्या. एका तरण्याबांड माणसानं खिशात हात घालायला पाहिलं आणि तो गेला नाही, कारण कारखान्यात शिवून बंद केलेला खिसा त्यानं उघडलेलाच नव्हता. मग त्यानं नुसतीच बोटं कोटावर ठेवली, जणू त्याला तेवढंच करायचं होतं. एकाच्या बाहीवर कंपनीची चिठ्ठी तशीच. ती काढायची असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असूनही त्यानं मुद्दाम ठेवली होती. दुपारी ह्याच माणसांना मास्तरांनी वरच्या डेकवर उघड्या पोटांनी पडलेलं पाहिलं होतं, हाताला चटणी लागलेली तशीच चाटताना. पाच तासांत कोटामुळं त्यांचं काय झालं होतं? पाठी ताठ झाल्या होत्या, आवाज उतरले होते आणि वाढप्याशी बोलताना ते आता त्याच्या तोंडाकडे न पाहता बोलत होते. एवढं मात्र कोट करतो. हे मास्तरांना चव्वेचाळीस वर्षं ठाऊक होतं आणि त्यावरच त्यांचं घर चाललं होतं. ह्या गोष्टीचाही त्यांना तिरस्कार वाटे, पण तो कधी त्यांनी कुणाला ऐकवला नव्हता.

त्यांचं टेबल पाच जणांचं. एका बाजूला एक दंतवैद्य आणि त्यांची बायको, पहिल्या दिवसापासूनचे सोबती. दंतवैद्य गोल, हसरे, स्वतःच्या विनोदाला स्वतः पहिले हसणारे. ते उठून बाजूला सरले तेव्हा त्यांच्या कोटाच्या मागच्या चिरेवर पांढऱ्या दोऱ्याची ढळढळीत फुली दिसली. प्रवासात चीर चुरगळू नये म्हणून कारखाना ती घालतो. कोट अंगात घालायच्या आधी कापून टाकायची असते.

"तुम्ही ती फुली काढली नाहीत," मास्तर म्हणाले.

"कुठली? मागची? मला वाटलं डिझाइन आहे. घ्या, तीन वर्षं अशीच मिरवतोय. ए, ऐकलंस का, मुलाच्या साखरपुड्यालासुद्धा अशीच होती."

"तरीच बसताना कोट कुरकुरतो," त्यांची बायको म्हणाली. "मी म्हणत होते तुमचं वजन वाढलं."

"वजनही वाढलंच आहे," दंतवैद्य म्हणाले. "काढा मास्तर, तुमच्या हातानं काढा. तुमच्यासमोर आम्ही तोंड उघडून बसलोय असं समजा."

एरवी मास्तरांनी फळं कापायच्या सुरीनं ती फुली काढली असती आणि आठवडाभर मनातल्या मनात त्यावर जगले असते. आज त्यांनी नुसती मान हलवली. उजवा खांदा वर होता आणि त्यामुळं सगळं जेवणघर त्यांना किंचित कललेलं वाटत होतं. जहाज कलत असेल. पण ग्लासांतलं पाणी सपाट होतं.

थोरला, म्हणजे त्यांचा मुलगा, सात वर्षांचा असताना कापणीच्या टेबलावरून पडला होता. ते टेबल दुकानाच्या मधोमध, सहा फुटी, माणसाच्या कमरेएवढं उंच. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस, दोनशे गणवेशांचं काम अंगावर, आणि दुपारी पोरगं कापडाच्या थप्प्यांवर झोपायचं ते मास्तरांना बरंच वाटायचं, कारण त्याच्या वजनानं कापड सरकत नसे. तो झोपेत उलटला आणि उजव्या खांद्यावर पडला. रडला, मग गप्प झाला. त्याची आई म्हणाली डॉक्टरकडे न्या. मास्तर म्हणाले, उद्या नेऊ. दुसऱ्या दिवशी म्हणाले, मुकामार आहे, शेक दे. चौथ्या दिवशी गणवेश पोचते झाले आणि त्यांनी पोराला उचलून नेलं, तोवर गळ्याजवळचं हाड वाकडंतिकडं धरायला लागलं होतं. डॉक्टरनं त्यांच्या गळ्यातल्या टेपकडे एकदा पाहिलं. घाईत टेप गळ्यातच राहिली होती. पोराचा उजवा खांदा कायमचा तीन सूत उतरला. त्यावर घरात पुढं एक अक्षर निघालं नाही. पण मास्तरांनी त्याचा एकेक सदरा शिवताना उजव्या खांद्याची शिवण तीन सूत वर धरली, आणि आरशात पोराला स्वतःचे दोन्ही खांदे सारखे दिसत गेले. हायस्कुलात त्यानं पहिल्यांदा तयार शर्ट विकत घेतला तेव्हा तो आरशासमोर बराच वेळ उभा होता, हे मास्तरांनी शिलाई यंत्रावरून मान न उचलता पाहिलं होतं.

मग नऊ वर्षांपूर्वीचा हा कोट. थोरल्याला मोठ्या कंपनीत जागा मिळाली, रुजू होताना कोट हवा होता. मास्तरांनी ठेवणीतलं कापड काढलं. आतला कॅनव्हास हातानं टाचला, काजं हातानं केली, उजव्या गादीखाली लोकरीचे दोन थर घातले, कडा तासून इतक्या पातळ केल्या की बोटालाही सापडू नयेत. ट्रायलच्या दिवशी थोरल्यानं खांदा हलवून पाहिला. "उजवीकडे काय केलंय?" "काही नाही. उभा राहा नीट." तो नीट उभा राहिला. फार छान दिसत होता. ते मास्तर म्हणाले नाहीत. आपल्याच कामाची वाखाणणी करणाऱ्या शिंप्याचा त्यांना तिटकारा होता. मग कोट काढून देता देता थोरला म्हणाला, "बाबा, आत दुकानाचं लेबल लावू नका." "का?" "तसंच. तिकडं सगळे मोठमोठ्या ब्रँडचे घालतात. कुणी आतून पाहिलं तर उगीच." मास्तर म्हणाले, "बरं." लेबल लावलं नाही. कोट कागदात गुंडाळून, दोरी बांधून, गिऱ्हाइकाला देतात तसा काउंटरवरून दिला. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. पण एक बरं म्हणाला आणि दुसरा पण बरंच म्हणाला, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं धाकटीमार्फत होऊ लागलं. दादा विचारतोय औषध घेता का. सांग त्याला, घेतो. धाकटी इकडचं तिकडं नेताना निरोपांना अस्तर लावते, बाबा तुझी आठवण काढतात असं काहीतरी पदरचं जोडते, हे मास्तरांना ठाऊक होतं. तिलाही ते ह्यासाठी मनातून नावं ठेवत. आतून खरखरीत असेल तर खरखरीत जाऊ दे.

दोन वर्षांपूर्वी थोरला कंपनीच्या लोकांबरोबर ह्याच जहाजावर आला होता. त्याचे फोटो पाहूनच धाकटीला ह्या सफरीचं वेड लागलं. एका फोटोत तो ह्याच भोजनगृहाच्या दारात उभा होता, हा कोट घालून. धाकटीनं फोन मास्तरांच्या नाकासमोर धरला होता. मास्तरांनी मुलाचा चेहरा पाहिला नाही. कॉलर मानेला चिकटून बसली होती, तेवढं पाहिलं.

आणि नंतर त्यानं तो इथंच टाकला. सूप आलं तेव्हा मास्तरांच्या डोक्यात एवढंच होतं: टाकला. बाहेरच्या दांडीवर लोकांनी खोल्यांत सोडलेले कोट टांगतात, हे जहाजावर पोराटोरांनाही ठाऊक होतं. पहिल्या दिवशी दंतवैद्यांनीच त्यावर विनोद केला होता. म्हणजे त्यांच्या हातची काजं, त्यांचा कॅनव्हास, दोन थर लोकर, हे सगळं दोन वर्षं बिनकोटाच्या लोकांनी घातलं होतं. कुणाकुणाच्या उजव्या खांद्याला तीन सूत उगाच उचललं असेल त्यानं. कुणी म्हणालं असेल, कसला बेढब कोट दिलाय. मास्तरांना थोरल्याबद्दल जे वाटलं ते रागाहून थंड होतं. अशा माणसाला त्यांनी गिऱ्हाईक म्हणूनही उभं केलं नसतं. तिकडं सगळे मोठमोठ्या ब्रँडचे घालतात. घाला.

"बाबा, सूप गार होतंय."

"होऊ दे."

"दारापासून बघतेय मी. आवडलं नाही का इथलं?"

"चमचा धरायचीसुद्धा कवायत चाललीय," मास्तर म्हणाले. "जावईबापूंना विचार. त्यांची तयारी झालीय."

जावयांनी चमचा खाली ठेवला.

सवयीनंच त्यांचा डावा हात कोटाच्या आत गेला. नवा कोट हाती आला की मुंढ्यापाशी, म्हणजे बाही खांद्याला मिळते तिथं, अस्तरावरून बोट फिरवायचं. बाकी सगळीकडे शिंपी लपवाछपवी करू शकतो, तिथं करू शकत नाही. तिथं टाके हातानंच घालावे लागतात. मास्तरांचे टाके इंचाला अकरा. बोटाखालून ते गेले, तांदळाच्या दाण्यांपेक्षा बारीक, एकसारखे, आणि नऊ वर्षांनीही एक सुटला नव्हता. मग खांद्याच्या माथ्यापाशी बोट अडखळलं. तिथं टाके बदलले होते. मोठे, इंचाला पाच-सहा, मधेच गाठ. चार बोटं लांबीपर्यंत तसेच, आणि पुढं पुन्हा मास्तरांचे सुरू. कुणीतरी खांदा उघडला होता आणि पुन्हा शिवला होता.

त्यांनी बोट परत मागं नेलं. दुसऱ्यांदा. टाके उलट्या बाजूला झुकलेले होते. उजव्या हाताच्या माणसाची सुई तशी झुकत नाही. मास्तरांनी कोट काढला.

काढला आणि टेबलावर, सुपाची वाटी कोपरानं सरकवून, उलटा पसरला. अस्तर वर आलं. दंतवैद्यांच्या बायकोनं आपला ग्लास उचलून छातीशी धरला. "बाबा," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली. शेजारच्या टेबलांवरच्या माना वळल्या. कोट घातलेल्या माणसांना बिनकोटाचा माणूस दिसला की जी मजा वाटते ती त्या मानांत होती. अर्ध्या तासापूर्वी मास्तर त्या मजेत स्वतः सामील झाले असते. त्यांनी चष्मा लावला. राखाडी अस्तरावर निळा दोरा. रंगसुद्धा जुळवला नव्हता. हॉटेलांच्या खोल्यांत सुईदोऱ्याची छोटी पाकिटं ठेवतात त्यातला असणार. सगळे टाके डावीकडे कललेले. दुकानात बसून थोरला लहानपणी चिंध्यांवर असेच टाके घालायचा, आणि मास्तर ते उसवून टाकायचे, पुन्हा घाल म्हणायचे. डाव्या हातानं सुई धरली की टाका पडतो कसा ते त्यांनी शेकडो वेळा पाहिलं होतं. त्यांनी अंगठ्यानं खांदा दाबून पाहिला. दोन्ही थर आत होते. त्यानं उघडलं होतं, पाहिलं होतं आणि काढून न टाकता परत झाकलं होतं. एक शब्द न बोलता, वरून टाके घालून. बापासारखंच, असं मास्तरांच्या मनात आलं आणि त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

मुख्य वाढपी केव्हा येऊन उभा राहिला ते कळलं नाही. "साहेब, काही सांडलं का?"

"नाही."

"मग कोट अंगावर ठेवावा लागेल. बाकीच्या पाहुण्यांना..."

"बाकीच्या पाहुण्यांचे खिसे शिवलेले आहेत," मास्तर म्हणाले. "जाऊन उघडून द्या आधी."

दंतवैद्यांना हसू फुटलं आणि त्यांनी ते रुमालात दाबलं. जावई अर्धवट उठले, काय करावं न सुचून पुन्हा बसले. सफरीतल्या ह्या तिसऱ्या संध्याकाळसाठी कागदावर असली काही ओळ नव्हती. मास्तरांनी कोट उलटा केला तसा सुलटा केला, अंगावर चढवला, बटण लावलं आणि वाढप्याच्या शेजारून दाराकडे चालायला लागले. खांदा वर होता. आता तो त्यांना ओझ्यासारखा वाटत होता, पोराला कडेवर घेतल्यावर एक बाजू उचलून धरावी लागते तसा.

काउंटरवरची बाई बसून पावाचा तुकडा खात होती. त्यांना पाहून तिनं तो खाली ठेवला. "झालं एवढ्यात?"

"चौदा नंबर कुठून आला?"

"म्हणजे?"

"कुणी सोडला. नोंद असेल ना."

तिनं आणखी एक वही काढली, जुनी, कोपरे गेलेली. बोट फिरवत खाली आली. "चौदा. दोन वर्षांपूर्वीचा. खोलीतल्या कपाटात राहिला होता. आम्ही कळवतो प्रवाशांना. बरेच जण उत्तरच देत नाहीत. काही म्हणतात, वाटून टाका."

"ह्यानं काय कळवलं?"

बाईनं वही डोळ्यांजवळ नेली. "'ठेवा. येऊन नेतो.' मग वर्षभर वेगळा ठेवलेला दिसतोय. मुदत एक वर्षाची असते. आला नाही. मग दांडीवर घेतला."

येऊन नेतो. मास्तरांच्या दुकानात काउंटरच्या वर एक आडवी दांडी होती आणि तिच्यावर कायम चाळीसेक कपडे असत, शिवून, इस्त्री करून, चिठ्ठी टाचून. त्यांतला प्रत्येक जण म्हणाला होता, येऊन नेतो. ह्या दोन शब्दांची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक असेल? अंगानं जाडावलेले, बेत बदललेले, हौस फिटलेले, दुसरीकडून तयार घेतलेले लोक हे शब्द बोलतात, आणि ते बोलताना दाराकडे पाहतात. मास्तरांनी कधी कुणाला आठवण केली नाही. दोन वर्षांनी कपडा उतरवायचा, चिठ्ठी फाडायची, संपलं. अशा लोकांबद्दल त्यांच्या तोंडी एक ठरलेलं वाक्य असे: ह्यांना अंग आहे, पण कपड्याची लाज नाही. एकच माणूस अकरा वर्षांनी आला होता. पॅन्ट कशी कोण जाणे, फडताळात मागं राहून गेली होती. त्यानं आडोशाला जाऊन घालून पाहिली, ती मांडीवर चढेना. मास्तर त्याला हसले होते. तो म्हणाला, असू दे, आणि तशीच बगलेत मारून घेऊन गेला. त्या माणसाचा चेहरा मास्तरांना आत्ता आठवायचा होता आणि तो आठवत नव्हता.

"मुदत वाढते का?" त्यांनी विचारलं.

"ज्याचा कोट त्यानं कळवलं तर वाढते. तुमच्या ओळखीचे आहेत का ते?"

मास्तर वहीतल्या त्या ओळीकडे पाहत राहिले. ओळखीचा. इंचन्‌इंच ओळखीचा, छाती, कंबर, पाठ, बाही, मानेचा घेर, सात वर्षांपासून एकोणतीस वर्षांपर्यंतची सगळी मापं त्यांच्या वहीत होती. त्यानंतरची नव्हती.

धाकटी त्यांच्यामागे बाहेर आली होती, हातात रुमाल तसाच. ती रागावलेली होती आणि रडू आलं तर बरं दिसणार नाही म्हणून रागावलेलीच राहत होती. "काय चाललंय बाबा? एक संध्याकाळ. एक संध्याकाळ नीट बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"हा दादाचा कोट आहे."

तिनं कोटाकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, परत कोटाकडे. तिला कोट ओळखता येत नव्हता. शिंप्याची पोर असून तिला कोट ओळखता येत नाही हे मास्तरांना आजही खटकलं. "कशावरून?"

"फोन आहे का जवळ? लागतो का इथून?"

"निरोप जातात. ह्यांनी इंटरनेट घेतलंय."

"मग लिही त्याला."

ती फोन काढून उभी राहिली, अंगठे तयार. नऊ वर्षांत बाबांनी स्वतःहून दादाला काही लिही म्हटलेलं तिला आठवत नसावं, कारण ती एकदम हळू बोलायला लागली. "काय लिहू? तुमची आठवण येते असं..."

"तसलं काही नाही. मी सांगतो तेवढंच लिही. आज अस्तर लावू नकोस."

"अस्तर?"

"लिही. कोट जहाजावर आहे. उजवा खांदा उघडून पुन्हा शिवलेला दिसतो. टाके फार वाईट आहेत."

"बाबा, असं लिहू?"

"असंच."

"त्याला काय वाटेल?"

"त्याला कळेल."

तिनं लिहिलं. लिहून त्यांना वाचून दाखवलं. एक शब्द इकडचा तिकडं झालेला नव्हता. मग, थांबून, तिनं विचारलं, "पुढं काही? न्यायला येतोस का, वगैरे?"

मास्तरांनी तोंड उघडलं. आतून दंतवैद्यांचं हसणं ऐकू आलं, आणि काटेचमच्यांचा तो एकसारखा, शिस्तीतला आवाज. "नको," ते म्हणाले. "एवढं पुरे." आठ वाजून एकतीस मिनिटांनी निरोप गेला. पोचल्याची खूण लगेच आली.

पावणेनऊपासून कोट परत यायला लागले. लोक दारातून बाहेर पडता पडता ते अंगावरून ओढून काढत, काउंटरवर टाकत आणि एकदम पूर्वीसारखे मोठ्यानं बोलायला लागत. बाई एकेक उचलून हँगरला लावत होती, वहीत खूण करत होती. मास्तर भिंतीला टेकून उभे होते आणि धाकटी त्यांच्याजवळ, फोन हातात उताणा धरून. जावई दोघांच्या मधे येऊन उभे राहिले आणि कुणी काही न सांगता त्यांनीही फोनकडेच पाहायला सुरुवात केली. बाहीवरची कंपनीची चिठ्ठी आता त्यांच्याही कोटावर दिसत होती. ती इतका वेळ मास्तरांच्या नजरेतून कशी सुटली कोण जाणे.

"साहेब," बाई म्हणाली, "नऊ झाले."

"हो."

"चौदा नंबर राहिलाय."

"ठाऊक आहे," मास्तर म्हणाले. त्यांचा डावा हात कोटाच्या आत होता.

त्या संध्याकाळी काउंटरवरून सतरा कोट दिले गेले होते. नऊ वाजून सहा मिनिटांनी सोळांसमोर परत आल्याची खूण झालेली होती. चौदासमोरचा रकाना कोरा होता. बाईनं पेन हातातच धरलं होतं आणि वही अजून मिटली नव्हती. थोरल्याचं उत्तर आलेलं नव्हतं.